सापशेवाळ्यातली नागअळी

पहिला दिवस : कावाझू

टोमॅटोच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली की शेतकरी म्हणतो, "नागअळी पडली." पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांमधला हिरवा गर खात ही अळी पुढे सरकते आणि मागे बोगदा राहतो. अळी असते एका बारक्या माशीची. आम्ही जपानला गेलो ते अशाच नागअळ्या बघायला. फरक एवढाच, की या अळ्यांच्या नशिबी पान नाही. त्या ज्या वनस्पतीत राहतात तिला पान नसतं, खोड नसतं, धड मूळही नसतं. ओल्या दगडाला चिकटलेली हिरवी चपटी पट्टी, बस्स. लिव्हरवर्ट. विश्वकोशात तिला 'यकृतका' म्हटलंय. कॉलेजात ज्यांनी रिक्सिया आणि मार्केंशियाच्या आकृत्या काढल्या असतील त्यांना ती आठवेल, फारशी प्रेमाने नसेल कदाचित.

'आम्ही' म्हणजे मी आणि मामा. मामांनी तीसेक वर्षं अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवलं. मला माश्यांचा नाद. मामांच्या गळ्यात काळ्या दोरीत ओवलेलं दहापटीचं भिंग कायम असतं. लग्नाच्या पंगतीतही असतं.

प्रवासाचा बेत एका शोधनिबंधावरून आखला होता. २०१६ साली युमे इमादा आणि माकोतो कातो या दोघांनी 'लिटोलेप्टिस' वंशातल्या सहा नव्या माश्यांचं वर्णन 'झूटॅक्सा' या नियतकालिकात छापलं. सहा नावं अशी : जापोनिका, किइएन्सिस, नियोदोएन्सिस, हिमुकाएन्सिस, इझुएन्सिस आणि अ‍ॅस्टेरेलाफिले. शेवटचं म्हणजे 'अ‍ॅस्टेरेलावर जीव असलेली', आणि अ‍ॅस्टेरेला ही एक यकृतका. बाकीची यादी जवळजवळ रेल्वेचा नकाशाच आहे. किइ द्वीपकल्प, नियोदो नदी, क्यूशू बेटावरचा हिमुका म्हणजे आजचा मियाझाकी, आणि इझू. मामांनी यादी वाचली आणि म्हणाले, "बरं केलं. कुठल्या साहेबाचं नाव नाही घुसवलं." मग आम्ही तिकिटं काढली.

तोक्योहून आतामीपर्यंत शिनकानसेन, पुढे समुद्राला खेटून जाणारी छोटी गाडी, कावाझूला उतरून बस. इथे डोंगरात सात धबधबे आहेत. धबधब्याला जपानीत 'ताकी' म्हणतात, पण इझूत 'दारु' म्हणायची पद्धत आहे. म्हणून हे 'नानादारु', सात दारु. बसमधली घोषणा ऐकून मामा दचकले. "सकाळी सकाळी सात?"

सातातल्या एकाचं नाव हेबीदारु, म्हणजे सापधबधबा. त्याच्या कडेचा खडक जुन्या लाव्हाचा आहे. लाव्हा थिजताना त्याला तडे जाऊन खांब तयार झाले, आणि त्या खांबांची तोंडं अशी काही जुळून आलीत की अजगराची कातडी ताणून बसवल्यासारखं दिसतं. आणि त्याच खडकाच्या पायथ्याशी, जिथे तुषार उडत होते तिथे, मामांना हवी ती वनस्पती होती. जपानीत तिचं नाव जा-गोके, सापशेवाळ. शास्त्रीय वंश कोनोसेफॅलम. बोटभर रुंदीची, दोन दोन फाटे फुटत गेलेली पट्टी, आणि तिच्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसणारे षटकोन. प्रत्येक षटकोनाच्या मधोमध एक पांढरा ठिपका, ते तिचं हवा घ्यायचं भोक. वरच्या खडकावर सापाचे खवले, खालच्या शेवाळावर सापाचे खवले. असं कुणी कथेत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जमवून आणलंय.

मामांनी तुटून वाहत आलेला एक तुकडा उचलला, चुरडला आणि माझ्या नाकापुढे धरला. आधी टर्पेंटाइनसारखा आणि मग अळंबीसारखा वास. मात्सुताके या महागड्या अळंबीला ज्या रसायनाचा वास येतो ते मिथाइल सिनामेट या वंशातही सापडतं. यकृतकांच्या पेशींत तेलाचे थेंब भरलेले असतात, आणि ते किड्यांना नकोसे करण्यासाठीच असावेत असं मानतात. एवढी जुनी वनस्पती, जमिनीवर आलेल्या पहिल्या काहींपैकी एक, आणि तिला खाणारे किडे मात्र मोजके. त्या मोजक्यांत आमची माशी.

तासभर ओणवं होऊन शोधलं. काही नाही. मग उताराला वासाबीचे, म्हणजे जपानी जेवणातल्या त्या झणझणीत कंदाचे, वाफे आले. दगडी पायऱ्यांची शेती; खाली मोठे दगड, वर बारीक खडी, सगळ्यात वर वाळू, आणि त्यातून सतत झिरपणारं थंड पाणी. बांधाच्या दगडांवर जा-गोके माजलेली. गमबूट घातलेल्या एका आजोबांनी आम्हाला बांधाशी ओणवं बघितलं आणि थेट वासाबीचा कंद दाखवायला सुरुवात केली. फोनवरच्या भाषांतरातून मी सांगितलं, कंद नको, हे शेवाळ हवंय. त्यांनी माझ्याकडे, मग फोनकडे बघितलं. त्यांना वाटलं असणार, यंत्र चुकलं.

तिथे पहिली खूण मिळाली. एका पट्टीच्या मधल्या शिरेजवळून निघालेला मळकट पांढरा पट्टा, दीडेक सेंटिमीटरचा. भिंगातून पाहिलं तर वरचा पापुद्रा शाबूत, षटकोनांच्या रेघा जागच्या जागी, आणि आतला हिरवा मालच गायब. घर तसंच, माणसं उठून गेलेली. अळी नव्हती.

"इझुएन्सिस?" मामांनी विचारलं.

"रिकाम्या खोलीवरून भाडेकरूचं नाव कसं सांगू?"

दुसरा दिवस : तिथेच, पाऊस

दिवसभर पाऊस. खोलीत बसून काढला, त्यामुळे या दिवसाचं प्रवासवर्णन असं काही नाही. पण मामांनी मला एका प्रश्नावर धरलं आणि संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. "नवी जात सापडली म्हणजे नक्की काय केलं रे त्यांनी? माशी तर आधीपासून होतीच की."

होतीच. लिटोलेप्टिस हा वंश १९६३ पासून कागदावर आहे. अलास्कातल्या माशीवरून चिलकॉट यांनी तो स्थापला. पुढे चिलीतून एक जात, फिलिपीन्समधून एक. तीन ठिकाणं, तिन्हींत निम्म्या पृथ्वीचं अंतर. शिवाय स्पेनमधल्या सान हुस्त इथल्या अंबरात, म्हणजे दगड झालेल्या जुन्या झाडांच्या चिकात, अडकलेली एक, तिचं वर्णन २००९ साली झालं. दहा कोटी वर्षांहून जुनी. म्हणजे वंश जुना, जगभर पसरलेला, आणि संग्रहांत मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माश्या. अळी काय खाते, कुठे राहते, कुणालाच माहीत नाही. दुर्मीळ म्हणून शिक्का बसला.

का, तर सगळे जाळं घेऊन माशी पकडत होते. दोनेक मिलिमीटरची काळसर माशी, ओढ्याच्या काठच्या अंधाऱ्या दगडावर बसणारी. जाळ्यात आली तरी चिलटांच्या गर्दीत ती कोण निवडणार? इमादा आणि कातो यांनी उलटं केलं. माशीकडे पाठ फिरवून यकृतका बघितल्या. पोखरलेल्या पट्ट्या शोधल्या, आतल्या अळ्या वाढवल्या आणि त्यांतून माश्या निघू दिल्या. त्यातून एकट्या जपानमध्ये सहा जाती निघाल्या. शिवाय प्रत्येक जात यकृतकांचा एकच वंश धरून बसलेली. कोनोसेफॅलमवाली रेबुलिया या दुसऱ्या यकृतकेला तोंड लावत नाही.

"म्हणजे आधी झाड ओळखावं," मामा खूश होऊन म्हणाले, "मग किडा." हे वाक्य त्यांनी पुढच्या पाच दिवसांत किमान वीसदा म्हटलं. त्यांचं बरोबर होतं, त्यामुळे जास्तच त्रास झाला.

अळ्या वाढवणं ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा करून बघितलंय. झाकणाच्या डब्यात ओला कागद, वर पोखरलेली पट्टी, रोज बघायचं. कागद वाळला तर पट्टी चुरगळते आणि अळी मरते. जास्त ओला झाला तर बुरशी. माझ्या डब्यात सातव्या दिवशी मांजराच्या केसांसारखी पांढरी बुरशी उभी राहिली आणि प्रकरण मिटलं. ज्यांच्या डब्यातून माशी निघते त्यांच्याबद्दल मला विद्वत्तेपेक्षा चिकाटीचा आदर वाटतो.

माशी निघाली तरी काम तिथून सुरू होतं. पंखांच्या शिरा, मिशांचे सांधे, केसांच्या जागा, सगळं मोजायचं, काढायचं. एवढ्यानेही जाती वेगळ्या होतीलच असं नाही. मग नराच्या पोटाचं टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवायचं. मांस विरघळतं, कडक भाग उरतात. ते ग्लिसरीनमध्ये उलटेपालटे करत सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांच्या आकृत्या काढायच्या. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या माश्या इथे वेगळ्या निघतात.

मामांनी चष्मा काढला. "दोन मिलिमीटरच्या माशीचं टोक कापायचं? कशाने?"

"सुईने. श्वास रोखून."

त्यानंतर एक माशी निवडायची, होलोटाइप. नाव त्या एका माशीला चिकटतं. उद्या कुणी म्हणालं की तुमच्या एका जातीत दोन मिसळल्यात, तर इझुएन्सिस हे नाव कुठल्या अर्ध्याला राहणार ते ती टाचणीवरची एक माशी ठरवते. म्हणून ती संग्रहालयात ठेवायची. कुणालाही मागवून बघता आली पाहिजे. बाकीच्या पॅराटाइप. मग लॅटिन वळणाचं नाव, वर्णन, आणि जवळच्या जातींहून ही वेगळी कशी याचा खुलासा. छापून आलं की जात 'झाली'. रानात ती लाखो वर्षं होती ते वेगळं.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जन्मदाखला." आणि चहा करायला उठले.

तिसरा दिवस : गाड्या

कावाझू ते आतामी, आतामी ते नागोया, नागोयाहून नानकी एक्सप्रेस. किइ द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्याने ती चार तास रमतगमत कात्सुउराला नेते. वाटेत ओवासे लागतं. तिथे वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आम्ही गेलो तेव्हा लख्ख ऊन होतं. मामांनी खिडकीतून बोगदे मोजायला घेतले आणि कुठेतरी झोपले.

चौथा दिवस : नाची

नाचीचा धबधबा १३३ मीटरचा आहे आणि त्याच्यासमोर लोक हात जोडतात. देऊळ आहे, पण देव आत नाही, धबधबाच देव. त्यामागचं जंगल इतकं जपलेलं की आत पाऊल टाकायची मुभा नाही. सगळा भाग योशिनो-कुमानो राष्ट्रीय उद्यानात येतो. आम्ही आधीच ठरवलं होतं, कुठेच काही तोडायचं नाही, नेऊन वाढवायचं नाही. भिंग, फोन आणि गुडघे, एवढंच सामान.

गुडघ्यांची परीक्षा दाइमोनझाकाला झाली. शेकडो दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना सुगी वृक्षांचे खांब, सुरुवातीलाच 'नवरा-बायको' म्हणून ओळखली जाणारी दोन झाडं, सुमारे ८०० वर्षांची. जुन्या कुमानो यात्रेची ही वाट २००४ पासून जागतिक वारशात आहे. लोक वर बघत, फोटो काढत चढतात. आम्ही खाली बघत चढलो, आणि त्यामुळे सगळ्यांच्या वाटेत येत राहिलो.

मध्यावर एका बांधाच्या फटीत मामांना रेबुलिया दिसली. जा-गोकेहून लहान, अंगावर षटकोन नाहीत, कडा जांभळट. तिच्या पट्टीच्या टोकावरून एक देठ उभा राहतो आणि त्यावर छोटी टोपी. जपानी नाव जिंगासा-गोके. जिंगासा म्हणजे जुन्या काळच्या पायदळ शिपायाची पसरट टोपी. आठ-दहा शिपाई फटीत पहारा देत उभे होते. मामा पायरीवर गुडघे टेकून, कपाळ जवळजवळ दगडाला लावून, डोळ्याला भिंग लावून स्तब्ध झाले. मी मागे सामान धरून. तेवढ्यात वरून एक वयस्कर बाई काठी टेकत उतरल्या. त्यांनी मामांकडे बघितलं, थांबल्या, काठी बगलेत धरली आणि त्या फटीला हात जोडून मान लववली. मग पुढे गेल्या. मामांना पत्ताच नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "योग्यच केलं त्यांनी."

त्या रेबुलियात एक पट्टा होता. आत काळपट बारीक कण पडलेले, अळीची विष्ठा. म्हणजे मुक्काम झाला होता आणि बराच काळ झाला होता. पट्ट्याच्या एका टोकाला पापुद्रा फाटलेला. अळी तिथून बाहेर पडली, का कुणी तिला ओढून खाल्लं, कोण सांगणार.

लिटोलेप्टिसच्या घराण्यातल्या, म्हणजे स्नाइप माश्यांच्या, बहुतेक अळ्या ओल्या मातीत इतर किडे मारून खातात. शिकाऱ्यांच्या घरातली ही एक शाखा शेवाळात शिरून शाकाहारी झाली. मामांनी यावर एक विनोद केला. तो आमच्या एका नातेवाइकावर होता, त्यामुळे इथे लिहीत नाही.

या डोंगरात मिनाकाता कुमागुसु १९०१ ते १९०४ राहून गेले. लंडनहून परतलेला, कुठलीही पदवी न घेतलेला हा माणूस इथे ओलसर लाकडं उलटी करत स्लाइम मोल्ड (बुरशीसारखे दिसणारे बुळबुळीत जीव), शेवाळं आणि बुरशी गोळा करत हिंडायचा. १९०६ नंतर सरकारने लहान देवळं मोठ्या देवळांत विलीन करायचा सपाटा लावला. देऊळ गेलं की भोवतीची राई तोडायला मोकळी. कुमागुसु त्याविरुद्ध उभे राहिले, लिहीत राहिले, भांडत राहिले आणि १९१० मध्ये तुरुंगातही जाऊन आले. पुढे १९२९ साली सम्राट शोवा या भागात आले, ते स्वतः जीवशास्त्राचे अभ्यासक. कुमागुसुंनी त्यांना स्लाइम मोल्डचे नमुने भेट दिले ते कॅरॅमलच्या खोक्यांत घालून. एका स्लाइम मोल्डच्या वंशाला मिनाकाटेला हे नाव आहे. देवराईशिवाय यकृतका नाही आणि यकृतकेशिवाय आमची माशी नाही, त्यामुळे त्या खोक्यांचा मला या प्रवासात इतर कशाहूनही जास्त हेवा वाटला.

उतरताना मामांचा पाय घसरला. पडले नाहीत, पण भिंग पायरीवर आपटलं आणि काचेच्या कडेला टवका उडाला. मामा काही बोलले नाहीत. रात्री झोपायच्या आधी त्यांनी ते तीनदा पुसलं.

पाचवा दिवस : पुन्हा गाड्या

कात्सुउरा, ओसाका, ओकायामा, सेतोचा पूल, शिकोकू, कोची. पोचलो तेव्हा अंधार. टवका उडालेल्या भिंगातूनही कडेला इंद्रधनुष्य दिसतं, हे मामांनी गाडीत शोधून काढलं.

सहावा दिवस : नियोदो

नियोदो नदी इशिझुची डोंगरातून निघते आणि १२४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. तिच्या पाण्याच्या निळेपणालाच 'नियोदो ब्लू' असं नाव पडलंय. जाहिरातीतली नावं ऐकली की मी सावध होतो, पण इथे निमूट मान डोलावली. नदीवर जागोजागी बिनकठड्याचे सखल पूल आहेत. पूर आला की ते मुकाट पाण्याखाली जातात, कठडा नसल्यामुळे वाहून येणारे ओंडके त्यांना अडत नाहीत.

इनो गावातून टॅक्सी करून निकोबुचीला गेलो. एका उपनदीचा धबधबा आणि त्याखाली डोह. गावकऱ्यांच्या श्रद्धेप्रमाणे इथे पाण्याची देवता मोठ्या सापाच्या रूपात राहते. पाण्यात उतरू नका, अशी विनंती आहे. आता सापधबधबा, सापशेवाळ, सापाचा डोह आणि नागअळी इतकं झाल्यावर मामांनी मला बजावलं की हे सगळं लिहिशील तेव्हा कुणी विश्वास ठेवणार नाही.

खाली उतरायच्या वाटेवर उजव्या हाताला ओली भिंत लागते. उन्हाचा एक तिरीप दुपारी तासभर तिच्यावर येतो. जा-गोके इथे नुसती माजलेली नव्हती, पाणी झिरपायच्या प्रत्येक रेषेवर तिची गादी होती. तिचेही देठ वर आले होते. पांढरट, काचेसारखे अर्धपारदर्शक, टोकाला शंकूची टोपी. मामा म्हणाले, हे देठ काही दिवसांत चटकन वाढतात, बीजाणू सोडतात आणि लोळागोळा होतात. आम्ही नेमके त्या दिवसांत आलो होतो. त्यांनी बघायला घेतलं आणि मला म्हणाले, "तू तुझं बघ."

बाराच्या सुमाराला ऊन भिंतीवर आलं. उजेड मागून पडला की पट्टी पान उन्हात धरल्यासारखी उजळते, आणि पोखरलेला भाग लगेच वेगळा दिसतो. तिसऱ्या गादीत एक पट्टा सापडला आणि त्याच्या टोकाला काहीतरी हललं.

मी मामांचं भिंग मागून घेतलं. पापुद्र्याखाली मळकट पांढरी अळी होती, तांदळाच्या कणीहूनही लहान. तिच्या पुढच्या टोकाला एक काळा ठिपका, आणि तो ठिपका मागेपुढे होत होता. पुढे जाऊन हिरव्या भिंतीला टेकायचा, ओरबाडायचा, मागे यायचा. प्रत्येक ओरबाड्याला हिरवा रंग किंचित आत सरायचा. तिच्या पोटातून हिरवं गेलेलं आरपार दिसत होतं. मध्येच ती थांबायची. मला वाटायचं, माझी सावली जाणवली. मग परत सुरू. षटकोनाची एक रेघ आली तेव्हा ती तिच्याखालून गेली. ती रेघ म्हणजे खालच्या हवेच्या कोठडीची भिंत. म्हणजे अळी भिंत फोडून एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत चालली होती. वीस मिनिटांत तिने पाऊण षटकोन खाल्ला. माझ्या गुडघ्याखालून थंड पाणी वाहत होतं ते मला नंतर कळलं.

"नियोदोएन्सिस?" मामा मागून.

"जागा तर तीच आहे."

"म्हणजे माहीत नाही."

"अळीवरून नाही सांगता येत, मामा. माशी निघायला हवी. नर निघायला हवा. आणि मग सुई."

मामांनी भिंग घेतलं, अळी बघितली, आणि बराच वेळ भिंग परत दिलं नाही. वर रस्त्यावर टॅक्सीवाल्याने एकदा हळूच हॉर्न वाजवला. शेवटी म्हणाले, "नाव नसलं तरी काम चाललंय हो तिचं." मग गडबडीने, स्वतःचंच वाक्य स्वतःला न रुचल्यासारखं, "पण नाव हवंच. नाहीतर उद्या भिंतीला कुणी सिमेंट लावलं तर काय गेलं ते कशात लिहायचं?"

संध्याकाळी कोचीतल्या माकिनो उद्यानात धावती चक्कर. तोमितारो माकिनो, जन्म १८६२, इथल्याच साकावाचे. शाळा अर्धवट सोडलेला हा माणूस वनस्पतींना नावं देत आयुष्यभर हिंडला. एका बांबूच्या जातीला त्यांनी बायकोचं नाव दिलंय. मामांनी ही गोष्ट मामीला सांगायची नाही असं ठरलं.

सातवा दिवस : क्योतो

हिमुका राहिलं. मियाझाकीपर्यंत जाऊन यायला दोन दिवस हवे होते आणि विमान परवा होतं. मामांना त्याचं जास्त वाईट वाटलं.

त्याऐवजी क्योतोत ताकारागाइके नावाचं तळं बघितलं. प्रयोगशाळांत जगभर वाढवलं जाणारं मार्केंशियाचं एक वाण इथलं आहे. त्याचं नाव टाक-१, यातलं 'टाक' म्हणजे हेच ताकारागाइके. या वनस्पतीचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, २०१७ साली प्रसिद्ध झाला. पण तळ्याकाठी कुणाला त्याचं कौतुक नाही. गटाराच्या कडेला, पायवाटेच्या फरशीत, नळाखाली, जिथे ओल तिथे मार्केंशिया. जपानी नाव झेनी-गोके, पैशाचं शेवाळ. पट्टीवर इवल्या पेल्या असतात आणि त्यांत हिरव्या चकत्या. पावसाचा थेंब पडला की चकत्या उडून दूर रुजतात. मामांनी आयुष्यभर फळ्यावर काढलेली आकृती त्यांच्या पायाशी पसरली होती. ते फरशीवर मांडी घालून बसले.

एका पट्टीवर बारीक नागमोडी रेघ होती. कालच्यासारखा पट्टा नाही, खरीखुरी वळणं घेत गेलेली रेघ, टोमॅटोवर दिसते तशी. आणि तिच्या शेजारी एक माशी बसली होती. करडी, अंगावर कुठेतरी पिवळेपणा, दोन मिलिमीटरचीही नसेल.

"हीच का?" मामा कुजबुजले.

"नाही. ही दुसऱ्या घराण्यातली असावी. अ‍ॅग्रोमायझिडी. आपल्या टोमॅटोवाल्या नागअळीची चुलत बहीण." या घराण्यातल्या बहुतेक माश्या फुलझाडं पोखरतात. त्यांतल्या काही यकृतकांकडे वळल्या, त्याही अलीकडे, म्हणजे लिटोलेप्टिसच्या मानाने. आठवडाभर एका माशीसाठी ओणवं व्हायचं आणि शेवटी समोर येऊन बसते ती भलतीच.

माशी पट्टीवर दोन पावलं चालली, पोटाचं टोक वाकवलं, क्षणभर टेकवलं आणि उडाली.

"अंडं घातलं!" मामा जवळजवळ ओरडले. सायकलवरून जाणारी एक मुलगी वळून बघून गेली. त्यांनी भिंग लावलं, माझ्या हाताला धरून मला खाली ओढलं. "ती बसली होती ना, त्या पेलीच्या डावीकडे. बघ, भोक दिसतं का."

मी बघितलं. भोक होतं. त्याच्या शेजारी अजून एक होतं, आणि त्याच्या शेजारी अजून. यकृतकेची स्वतःचीच हवेची भोकं त्या पट्टीवर शेकड्यांनी होती, त्यातलं माशीचं कुठलं ते काही कळेना. मामांनी भिंग परत घेतलं आणि डाव्या कोपऱ्यापासून एकेक मोजायला सुरुवात केली.